नऊ एकांचा डोंगर

भाची आठवीत आहे आणि यंदा तिला प्रोग्रॅमिंगचं वेड लागलंय. गेल्या रविवारी नौपाड्यात आमच्याकडे आली होती. बाहेर धो धो पाऊस, स्वयंपाकघरात भजी, आणि ही लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणते, "मावशी, गंमत बघ. नऊ वेळा एक गुणिले नऊ वेळा एक."

पडद्यावर उत्तर होतं:

१२३४५६७८९८७६५४३२०

छान चढत गेलेले आकडे, नवावर पोचून तसेच शिस्तीत उतरलेले, आणि अगदी पायथ्याशी एकाच्या जागी शून्य.

"शेवटी शून्य कसं येईल गं?"

"कॉम्प्युटरने दिलंय."

"एक एके एक. एककाच्या घरात एकच यायला हवा ना?"

ती गप्प. मग तिने तोच गुणाकार स्प्रेडशीटमध्ये करून पाहिला. तिथे शेवटचे तीन आकडे ३०० आले. म्हणजे एका गुणाकाराची दोन यंत्रांनी दोन उत्तरं दिली आणि माझ्या मते दोन्ही चूक. कढईपाशी उभी असलेली माझी आई, म्हणजे भाचीची आजी, मागे वळूनही न बघता म्हणाली, "ताळा बघा की."

नवाचा ताळा आता शाळेत फारसा शिकवत नाहीत, म्हणून थोडं सांगते. १०, १००, १००० यांतल्या कुठल्याही संख्येला नवाने भागा, बाकी १ उरते. म्हणून ५०० मध्ये जी बाकी, तीच नुसत्या ५ मध्ये. याचाच अर्थ असा की एखाद्या संख्येला नवाने भागल्यावर उरणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेची बाकी सारखीच. नऊ एकांची बेरीज ९, बाकी ०. तेव्हा गुणाकारालाही नवाने नि:शेष भाग जायला हवा. पडद्यावरच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८०, बाकी ८. फसला. स्प्रेडशीटच्या उत्तराची बेरीज ७८, बाकी ६. तेही फसलं. शेवटी ३२१ ठेवलं तर बेरीज ८१ होते आणि ताळा जुळतो. (आकड्यांची अदलाबदल झाली तर ताळ्याला पत्ता लागत नाही, त्यामुळे तो जुळला म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही. पण फसला तर चूक नक्की.)

मग चौकटीची वही काढली. आधी लहान उदाहरण, १११ गुणिले १११:

१११
१११०
१११००
—————
१२३२१

एकाने गुणायचं असल्यामुळे प्रत्येक ओळीत तेच तीन एक, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेले. आता उभ्या बेरजा करा. उजवीकडच्या टोकाच्या घरात एकच एक येतो, त्याच्या शेजारी दोन, मधल्या घरात तीन, पुन्हा दोन, पुन्हा एक. नऊ एकांचंही तसंच. नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर सरकलेली. मधोमध नऊच्या नऊ ओळी एकमेकींवर येतात, तिथे ९. दोन्ही बाजूंना एकेक ओळ गळत जाते. म्हणून उत्तर

१२३४५६७८९८७६५४३२१

यात लक्ष द्यायची गोष्ट अशी की कुठल्याच घरातली बेरीज नवाच्या वर जात नाही. हातचा एकदाही घ्यावा लागत नाही. या संख्येचा सगळा देखणेपणा त्या न आलेल्या हातच्यावर उभा आहे, आणि पुढे तिचं जे काही बिघडतं ते हातच्यामुळेच.

ही संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. "रामाला भाला मारा" हे वाक्य आपण लहानपणी उलटसुलट म्हणायचो, तसंच. त्यात सात अक्षरं आहेत: रा, मा, ला, मग टोकावर भा, आणि परत ला, मा, रा. अक्षरांच्या जागी आकडे घातले तर १२३४३२१, म्हणजे चार एकांचा वर्ग. भाचीला हे फार आवडलं. नऊ पायऱ्यांचं वाक्य करून दाखव म्हणाली. अजून जमलेलं नाही.

वाचायची कशी ही संख्या? आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. आई एकं, दहं, शतं करत कोटीपर्यंत सरळ आली, अब्जापाशी अडखळली. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० साली, दसपटीने वाढणाऱ्या अठरा स्थानांची नावं दिली आहेत: कोटी, मग अर्बुद (आपण दशकोटी म्हणतो), अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. आपली संख्या १७ अंकी, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी खाली. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद... आणि तिथून आठ कोटी, सात दशलक्ष अशी उतरण. बाराव्या शतकातली नावं या संख्येला अंगरख्यासारखी बसतात.

आकाराचा अंदाज हवा असेल तर सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसा. सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. ठाण्यातून दिसणारा पारसिकचा डोंगर ज्या लाव्हाच्या काळ्या दगडाचा आहे, तो दख्खनचा लाव्हा ओतला गेला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तुमची मोजणी आज संपायची असेल, तर ती सुरू झाली तेव्हा त्या डोंगराचा मागमूसही नव्हता.

आता डोंबिवली. हो, डोंबिवलीच.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव ६१७४ या संख्येमुळे जगभर माहीत आहे. जन्म १९०५ चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. माध्यमिक शिक्षण ठाण्यात, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये, आणि नंतर आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. १९७५ साली अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा परदेशात त्यांचं नाव पसरलं. त्यांना संख्यांच्या एका जातीचा विचार सुचला तो मुंबईपासून ३० मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेच्या डेम्लो नावाच्या स्टेशनवर. ते डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली. कापरेकरांनी त्या संख्यांना नावच दिलं डेम्लो संख्या.

डेम्लो संख्येचे तीन तुकडे पडतात: डोकं, पोट आणि शेपूट. डोकं आणि शेपूट यांची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा यायला हवा, आणि पोटात तोच अंक भरलेला हवा. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६, पोटात ६. किंवा ४७७७३: ४ आणि ३ मिळून ७, पोटात साती भरलेल्या. आपली संख्या तोडून बघा: डोकं १२३४५६७८, पोट ९, शेपूट ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. एकांच्या वर्गातून येणाऱ्या १, १२१, १२३२१ या माळेतली ही नववी.

आज त्या स्टेशनवर सकाळी आठ वाजता कुणाला संख्यांबद्दल काही सुचेल का, हा प्रश्न मी डोंबिवलीकर मैत्रिणीला विचारला. ती म्हणाली, "सुचतं ना. डब्यात किती माणसं मावतात, हेच."

तिचं उत्तर दिसतं तितकं अवांतर नाही. पुढचा सगळा मामला मावण्याचाच आहे. दहा एकांचा वर्ग करा. मधल्या घरात आता दहा येतात आणि एका घरात नऊच मावतात. मग तिथे ० लिहायचं आणि एक हातचा डावीकडच्या घरात ढकलायचा. त्या घरात आधीच ९ बसलेत; एक आला की तेही दहा. तिथेही ०, आणि पुन्हा एक हातचा पलीकडे. पलीकडे ८ होते, त्यांचे ९ झाले. तिथे मात्र धक्का थांबला. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवर सातानंतर एकदम नऊ! आठ गेला कुठे? तो आहे तिथेच आहे, हातचा मिळाल्यामुळे नवाचे कपडे घालून बसलाय. उतरणीवर मात्र ९, ८, ७ जिथल्या तिथे, कारण हातचा नेहमी डावीकडेच जातो. डोंगराची एकच बाजू खचली.

हाच गायब आठ आणखी एका ठिकाणी भेटतो. १ ला ८१ ने भागत बसा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... इथेही आठ नाही, आणि कारणही तेच. मुळात ती बेरीज १, २, ३ करत ८, ९, १०, ११ अशी न संपणारी चाललेली असते. दहाने हातचा ढकलला की नवाचं शून्य आणि आठाचा नऊ. आणि १२३४५६७९ या आठ नसलेल्या संख्येला ९ ने गुणलं की काय येतं? १११११११११. आपले नऊ एक! २७ ने गुणलं तर नऊ तीन, ६३ ने गुणलं तर नऊ सात. लहानपणी कॅल्क्युलेटरवर हे केलेलं अनेकांना आठवत असेल.

इथून आपण संख्येच्या आतल्या बाजूला जातो, म्हणजे ती कुठल्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनली आहे तिकडे. नऊ एक तीन-तीनच्या गटांत पाहिले तर १११ १११ १११ दिसतात, म्हणजे १११ गुणिले १००१००१. यातला १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिलाही तिनाने भाग जातो: ३ गुणिले ३३३६६७. म्हणजे नऊ एक = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

आता ३३३६६७ आणखी फुटते का? साधा उपाय असा की तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. अशा १०६ मूळ संख्या आहेत. मला हे सोमवारी ठाणे-वाशी लोकलमध्ये करायचं होतं, मोबाइल न वापरता, त्यामुळे १०६ भागाकार परवडणार नव्हते.

सुदैवाने आडवाट आहे. ३३३६६७ ला भागणारी जी मूळ संख्या असेल, ती ९९९९९९९९९ लाही भागणारच. म्हणजे १, १०, १००, १००० अशा संख्यांना तिने भागत गेलं, तर नऊ पावलांनी बाकी पुन्हा १ वर येते. बाक्यांचं रिंगण आहे हे, फिरून जागेवर. रिंगण त्याहून लहान असलं तर ते तीन किंवा एकाच पावलाचं असेल, आणि तशी फक्त ३ आणि ३७ ची असतात, कारण तीन पावलांत परतणारी मूळ संख्या ९९९ ला भागणारी हवी. त्या दोघी चालत नाहीत: ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद; ३७ ने भागलं तर बाकी १ उरते. तेव्हा रिंगण नऊचंच. दुसरीकडे फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांचा १६४० सालचा नियम सांगतो की (२ आणि ५ सोडून) कुठल्याही मूळ संख्येसाठी तिच्याहून एक कमी इतक्या पावलांनी बाकी १ वर परततेच. दोन्ही जुळायचं तर त्या "एक कमी" संख्येत नऊ पूर्ण बसायला हवेत. शिवाय ती सम, म्हणून १८ ने भाग जायला हवा. १९, ७३, १०९, १२७, १६३... अशा ५७७ पर्यंत शोधल्या तर ३७ वगळून फक्त सोळा मूळ संख्या उरतात.

सोळा भागाकार लोकलमध्ये होतात. ऐरोली गेलं तेव्हा १६३ वर होते आणि क्षणभर वाटलं सापडला. बाकी फक्त ६ उरली. शेजारच्या बाई कोपरखैरणेपर्यंत वहीत बघत होत्या, मग न राहवून म्हणाल्या, "हिशेब लागत नाहीये का?" वाशीला उतरायच्या आधी ५७७ झाला, बाकी १६१. एकानेही भाग गेला नाही. ३३३६६७ मूळ संख्या आहे.

मग आपल्या मोठ्या संख्येचे अवयव आपोआप मिळतात, कारण ती नऊ एकांचा वर्ग: ३ चारदा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. तिचे विभाजक किती? विभाजक तयार करताना ३ घ्यायचे शून्य ते चार, म्हणजे पाच पर्याय. ३७ चे तीन. ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५. संख्या विषम आली, आणि यायलाच हवी. विभाजक जोडीने येतात: एकाने भागलं की दुसरा मिळतो. पूर्ण वर्गात मात्र एक जण स्वत:चाच जोडीदार असतो. इथे बावीस जोड्या, आणि एकटा उरलेला १११११११११.

अंकांची बेरीज ८१ होती ते आठवतं? ८१ म्हणजे ३ चारदा, तेव्हा आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी हर्षद म्हटलं, हर्ष देणाऱ्या. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो आहे त्या आठ नसलेल्या १२३४५६७९ चा वर्ग. फिरून फिरून गंगावेस.

इथे एक भेद करायला हवा, कारण अशा गमतींमध्ये तो हरवतो. चढउतार, उलटसुलट सारखं असणं, डेम्लो असणं, हर्षद असणं, हे सगळं आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून आहे. आपल्याला आठच बोटं असती आणि आपण आठाच्या पटीत लिहीत असतो, तर घरात सातच मावले असते आणि डोंगर सात एकांच्या वर्गापाशी, १२३४५६७६५४३२१ ला, संपला असता. बारा बोटांवर तो अकरा एकांपर्यंत चढला असता. पण पूर्ण वर्ग असणं, ४५ विभाजक असणं, ३३३६६७ ने भाग जाणं, यांना लिहिण्याशी काही देणंघेणं नाही. तितके तांदळाचे दाणे मांडले तर ते चौरसात मांडता येणारच, मोजणारा कुणीही असो. मला स्वत:ला पहिला प्रकार जास्त आवडतो. गणितवाले बहुधा नाक मुरडतील.

राहिला लॅपटॉप. कॉम्प्युटरची घरं दोनाच्या पटीतली, प्रत्येकात ० किंवा १. भाचीचा प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये होता आणि त्या भाषेत साधी संख्या साठवायला नेमकी ५३ घरं मिळतात. त्यात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या बरोबर मावते. आपली संख्या त्याहून मोठी, तिला ५४ घरं लागतात. एक कमी पडलं. मग शेवटच्या घरातला १ गळला आणि ३२१ चे ३२० झाले. स्प्रेडशीट तर पंधराच अंक जपते, पुढे शून्यं भरते, म्हणून तिथे ३००. दोघांनीही चूक झाल्याची सूचना दिली नाही, लाल अक्षर नाही की काही नाही, हे मात्र मला खटकतं. बँकेचे खाते क्रमांक स्प्रेडशीटमध्ये टाकताना ज्यांचे शेवटचे आकडे शून्य होऊन बसले आहेत, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. असे आकडे मजकूर म्हणूनच टाकावेत.

उपाय सोपा निघाला. जावास्क्रिप्टमध्ये आकड्याच्या शेवटी एन हे अक्षर लावलं की ती भाषा लागतील तितकी घरं घेते. भाचीने दोन्ही आकड्यांना एन लावला, आणि शेवटी १ आला. लगेच दहा एक टाकले, खचलेला डोंगर आला, सातानंतर नऊ. ती वळून ओरडली, "आजी, ताळा!"

आईने बोटांवर अंक मिळवले. "ब्याऐंशी. आठ नि दोन दहा, एक." मग दहा एकांची बेरीज: दहा, म्हणजे एक. "एक एके एक. जुळला. आता ते मिटा, भजी गार झाली."